सॅन होजेच्या फॅमिली जस्टिस सेंटरमधून घटस्फोटाचे कागद: काढताना आणि दाखल करताना

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत घटस्फोट झालेल्या माणसाला निकालाची प्रत कधी ना कधी लागतेच. भारतीय पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव काढायचं असतं, दुसरं लग्न नोंदवायचं असतं, नाहीतर पुण्यातला दोघांच्या नावावरचा फ्लॅट विकायचा असतो. ही प्रत मिळण्याची जागा म्हणजे सॅन होजेत २०१ नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवरचं फॅमिली जस्टिस सेंटर कोर्टहाउस. २०१६ साली सुरू झालेली ही इमारत सेंट जेम्स पार्कच्या परिसरात आहे आणि लाइट रेलचं सेंट जेम्स स्टेशन तिथून जवळच आहे. आत शिरताना विमानतळासारखी तपासणी होते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. इथली सेवा स्वस्त आहे आणि नियम स्पष्ट आहेत, पण खिडकीवर तुम्ही मागाल तेवढंच मिळतं. ‘भारतात वापरायला हे पुरेल का?’ या प्रश्नाचं उत्तर कारकून देणार नाही, कारण कायद्याचा सल्ला द्यायची त्याला मनाई असते. म्हणून काय मागायचं हे घरून ठरवूनच निघावं.

बरेच जण पहिली फेरी चुकीच्या कचेरीत मारतात. लग्नाचा दाखला काउंटीच्या क्लार्क-रेकॉर्डरकडे असतो, म्हणून घटस्फोटाचा कागदही तिथेच असेल असं वाटतं. तसं नाही. घटस्फोट हा कोर्टाचा निकाल आहे आणि तो सुपिरियर कोर्टाच्या दप्तरातच असतो. दुसरी चूक म्हणजे राज्याच्या आरोग्य खात्याकडे अर्ज करणं. त्या खात्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ या काळातल्या घटस्फोटांची माहिती आहे. तिथून जे मिळतं तेही नावं, काउंटी आणि केस नंबर सांगणारं नोंदीचं प्रमाणपत्र असतं, निकालाची प्रत नसते. त्यासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं, ते वेगळंच. केस कुठल्या काउंटीत होती हेच माहीत नसेल तरच त्या वाटेला जा.

केस नंबर हाताशी असला की अर्धं काम झालं. अलीकडच्या केसचा नंबर वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग ‘एफएल’ ही अक्षरं आणि मग अनुक्रमांक असा असतो. नंबर हरवला असेल तर कोर्टाच्या संकेतस्थळावर नावाने शोधा. मराठी नावांची खरी अडचण इथेच येते. नोंद होते ती अर्जात टाइप केलेल्या स्पेलिंगनुसार. चव्हाण हे नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं, वाघ कधी ‘व्ही’ने सुरू होतं तर कधी ‘डब्ल्यू’ने. बाईचं माहेरचं आडनाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असतं. मधलं नाव म्हणून लावलेलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गळतं. त्यामुळे दोन्ही पक्षांच्या नावाने शोध घ्या आणि आडनावाची सगळी रूपं घालून बघा. जोशी किंवा कुलकर्णी सापडले की लगेच हुरळून जाऊ नका, समोरच्या पक्षाचं नाव जुळतंय का ते आधी पाहा. खिडकीवर शोध घ्यायला लावलात आणि त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर १५ डॉलर शोधशुल्क पडतं.

ऑनलाइन फक्त केसची यादी दिसते: कोणता कागद कोणत्या तारखेला दाखल झाला एवढंच. कागद उघडत नाहीत. संकेतस्थळ बिघडलंय असं समजून वेळ घालवू नका, कॅलिफोर्नियाच्या कोर्ट नियमांनीच कौटुंबिक खटल्यांचे कागद बाहेरून बघायला लोकांना बंदी आहे. ते कोर्टाच्या इमारतीत जाऊनच बघता येतात. माणसांच्या घरगुती गोष्टी, पगार, मुलांची नावं त्या फायलींत असतात, त्यामुळे हा नियम आम्हाला योग्यच वाटतो. ऑनलाइन यादी मात्र छापून न्या. ‘निकालाची प्रत द्या’ म्हणण्यापेक्षा ‘या तारखेला दाखल झालेला हा, हा आणि हा कागद द्या’ असं सांगितलं की काम सरळ होतं.

आता प्रतीचे प्रकार, कारण सगळा घोळ इथेच होतो. साधी झेरॉक्स पानामागे ५० सेंटला मिळते आणि ती फक्त वाचायला उपयोगी. दुसरी प्रत बहुतेकांच्या घरी आधीपासून असते: पहिल्या पानाच्या वर उजवीकडे ‘फाइल्ड’ असा तारखेचा शिक्का मारलेली. शिक्का दिसतो म्हणून लोक तिलाच प्रमाणित प्रत समजतात आणि वाणिज्य दूतावासात नेतात. ती प्रमाणित नसते. तो शिक्का एवढंच सांगतो की मूळ कागद त्या दिवशी दाखल झाला. तिसरी, खरी प्रमाणित प्रत. तिच्यावर ही दप्तरातल्या मूळ कागदाची बरहुकूम नक्कल असल्याचं वाक्य असतं, खाली कारकुनाची सही, तारीख आणि कोर्टाची मोहोर. घटस्फोटाच्या निकालाला प्रमाणित करण्याचे १५ डॉलर पडतात, पानांचे ५० सेंट वेगळे. तीस पानांचा निकाल असेल तर तीस डॉलरच्या आसपास खर्च येतो. ही प्रत हातात आली की तिची पिन काढू नका. घरी स्कॅन करायला पानं सुटी केली की ती छेडछाड झालेली दिसते आणि पुढच्या टेबलावर नाकारली जाऊ शकते. स्कॅनसाठी साधी झेरॉक्स वेगळी घ्या.

कोणते कागद मागायचे? निकालाचा फॉर्म एफएल-१८०. अनेक जण त्याचं पहिलं पानच घेतात, कारण न्यायाधीशांची सही आणि तारीख पाहिली की समाधान होतं. पण मालमत्तेची वाटणी, मुलांचा ताबा, पोटगी हे सगळं मागे जोडलेल्या करारात असतं. घर किंवा निवृत्तीचा निधी यांच्यासाठी तीच पानं लागतात, म्हणून जोडपत्रांसकट पूर्ण निकाल मागा. सोबत एफएल-१९० घ्या, म्हणजे निकालाची नोंद झाल्याची सूचना.

या दोन कागदांवर वेगवेगळ्या तारखा असतात. एक तारीख निकाल दाखल झाल्याची, दुसरी विवाह संपुष्टात आल्याची. एफएल-१८० च्या पहिल्याच पानावर शीर्षकाच्या चौकटीत ‘विवाहाचा दर्जा संपण्याची तारीख’ असा रकाना आहे. घटस्फोट झाला तो दिवस हा. त्याआधी दोघांपैकी कोणालाही पुन्हा लग्न करता येत नाही. पासपोर्टच्या अर्जात चुकून शिक्क्याची तारीख लिहिली की कागद जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो.

भारताशी संबंध ठेवायचा असेल तर आणखी एक कागद घ्याच: समोरच्या पक्षाचं उत्तर, एफएल-१२०, किंवा हजेरी आणि संमतीचा एफएल-१३०. याचं कारण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालात आहे. तिरुपतीत लग्न झालेल्या जोडप्याचा घटस्फोट मिझुरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीच्या कोर्टाने दिला होता, भारतात तो मान्य झाला नाही. विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्याला मान्य असलेलं कोर्ट आणि कारण हवं, हा न्यायालयाने घातलेला मूळ नियम. अपवाद थोडे आहेत. त्यांतले नेहमी उपयोगी पडणारे दोन असे: समोरच्याने स्वेच्छेने त्या कोर्टात येऊन त्या कायद्यातल्याच कारणावर खटला लढवलेला असावा, किंवा त्याने घटस्फोटाला संमती दिलेली असावी. कॅलिफोर्नियात घटस्फोट ‘न मिटणाऱ्या मतभेदां’वर मिळतो, आणि हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. मग भारतात तुमची बाजू सावरते ती समोरच्याच्या सहीने. ती सही फायलीतून प्रमाणित करून आणली नसेल तर दहा वर्षांनी कुठे शोधणार?

त्याच १९९१ च्या निकालात प्रतीबद्दलही एक मुद्दा होता. सेंट लुइसच्या कारकुनाने प्रमाणित केलेली झेरॉक्स प्रत केवळ झेरॉक्स म्हणून बाद झाली नाही. तिच्यावर अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणन नव्हतं, म्हणून ती पुराव्यात चालली नाही. अपोस्टिल म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून त्याला जोडलेलं प्रमाणपत्र. २००५ पासून भारत अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे नेहमीच्या सरकारी कामांना अपोस्टिल लावलेली प्रत देतात. प्रत भारतातल्या कोर्टात दाखल करायची असेल तर अपोस्टिलवर भागेल की दूतावासाचं प्रमाणनही हवं, हे तिथल्या वकिलाकडून आधी वदवून घ्या.

अपोस्टिल या कोर्टात मिळत नाही. ते कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून घ्यायचं: टपालाने सॅक्रामेंटोला, किंवा स्वतः सॅक्रामेंटो वा लॉस एंजेलिसच्या कचेरीत जाऊन. एका अपोस्टिलचे २० डॉलर, आणि समक्ष गेलात तर प्रत्येक वेगळ्या अधिकाऱ्याच्या सहीमागे ६ डॉलर वर. अर्जावर देश म्हणून भारत लिहायला विसरू नका. कारकुनाची मूळ सही असलेली प्रतच द्यावी लागते, तिची झेरॉक्स चालत नाही.

ज्यांचा अर्ज अजून दाखल व्हायचाय त्यांच्यासाठी. दोघांपैकी एकाचं तरी वास्तव्य राज्यात सहा महिने आणि काउंटीत तीन महिने झालेलं हवं. अर्ज एफएल-१००, समन्स एफएल-११०, अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं असतील तर एफएल-१०५. मूळ आणि दोन प्रती न्या: मूळ कोर्ट ठेवतं, शिक्का मारलेल्या प्रती परत मिळतात, एक तुमची आणि एक जोडीदाराची. शुल्क ४३५ डॉलर, परवडत नसेल तर एफडब्ल्यू-००१ भरून माफी मागता येते. कागदांवर सोशल सिक्युरिटी नंबर पूर्ण लिहू नका, ही फाइल लोकांना कोर्टात बघता येते. फॉर्म भरण्याबद्दलच्या मदतीसाठी याच इमारतीत सेल्फ-हेल्प सेंटर आहे. ते फुकट आहे, आणि या सगळ्या व्यवस्थेतली आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच. वकील नसलेल्याने अर्ज खिडकीवर देण्याआधी तिथे दाखवून घ्यावा.

समन्सची मागची बाजू वाचा. अर्ज दाखल झाला त्या क्षणापासून अर्जदारावर, आणि बजावणी झाल्यापासून (म्हणजे कागद रीतसर हाती पोचल्यापासून) जाबदारावर, म्हणजे समोरच्या जोडीदारावर, काही मनाया आपोआप लागू होतात. समोरच्याची लेखी संमती किंवा कोर्टाचा हुकूम नसताना अज्ञान मुलाला राज्याबाहेर नेता येत नाही आणि त्याच्यासाठी नवा पासपोर्टही काढता येत नाही. मे महिन्यात आजी-आजोबांकडे जायची तिकिटं काढलेली असतील, तर संमतीचा कागद आधी करा.

बजावणी स्वतः करता येत नाही, अठरा वर्षांवरची तिऱ्हाईत व्यक्ती लागते. जोडीदार भारतात परतला असेल तर खरी कसोटी. एका देशातल्या कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात कसे बजावायचे हे ठरवणाऱ्या हेग बजावणी करारात भारत आहे, पण टपालाने होणाऱ्या बजावणीला भारताने हरकत नोंदवली आहे. म्हणून कुरिअरने पाठवलेलं समन्स धरलं जात नाही. कागद दिल्लीत कायदा मंत्रालयातल्या केंद्रीय प्राधिकरणामार्फत जावे लागतात, आणि त्यात महिने जातात. दोघांत बोलणं असेल तर जोडीदाराने स्वतःहून उत्तर दाखल करणं सर्वांत सोपं, कारण हजेरी लावली की बजावणीचा प्रश्न उरत नाही. त्यालाही ४३५ डॉलर पडतात. ते वाचवायला बरीच जोडपी ‘तू उत्तरच देऊ नकोस, एकतर्फी होऊ दे’ असं ठरवतात. इथे ते चालतं. भारतात तोच एकतर्फी निकाल गळ्याशी येतो. हे पैसे वाचवू नका.

घटस्फोटासाठी किमान सहा महिने थांबावं लागतं. ही मुदत बजावणीपासून किंवा हजेरीपासून मोजतात, अर्जाच्या तारखेपासून नाही. शिवाय ती संपली की लग्न आपोआप मोडत नाही. आर्थिक माहितीची देवाणघेवाण (एफएल-१४०, १४२, १५०) व्हायला हवी आणि निकालाचा गठ्ठा दाखल करायला हवा. यांतला मालमत्तेचा तक्ता, एफएल-१४२, कोर्टात द्यायचा नसतो. तो फक्त समोरच्याला द्यायचा आणि दिल्याचा एफएल-१४१ कोर्टात दाखल करायचा. हा एक फॉर्म राहिला म्हणून गठ्ठे परत येतात. उत्तर न देता करार केला असेल तर जाबदाराची करारावरची सही नोटरीसमोर झालेली हवी. ती नसली तरी गठ्ठा परत.

एफएल-१९० च्या प्रतींबरोबर दोघांच्या पत्त्याची, पुरेशी तिकिटं लावलेली पाकिटं जोडा. सूचना त्याच पाकिटांतून घरी येते. माहेरचं आडनाव परत हवं असेल तर एफएल-१८० मधला त्याचा रकाना दाखल करण्यापूर्वीच भरा. राहिला तर नंतर एफएल-३९५ वेगळा करावा लागतो. पाकीट घरी आलं की त्याच आठवड्यात दोन प्रमाणित संच मागवा, एक इथल्या कामांना आणि एक अपोस्टिलसाठी.