पटिंग मॅट (गोल्फचा बॉल हलक्या हाताने होलमध्ये घालायचा घरी सराव करायची चटई), तीन महिने वापरून झाल्यावर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा हॉल लांबुळका आहे ते पहिल्यांदाच कामी आलं, 10 फुटी मॅट बसली (सोफा सरकवून, आईची बोलणी खाऊन). लक्ष्मी विलास पॅलेसच्या गोल्फ कोर्सवर रोज जाणं कुठे जमतंय. हिशोब साधा आहे, पार 72 च्या (म्हणजे 18 होलसाठी 72 शॉट अपेक्षित) कोर्सवर प्रत्येक ग्रीनला (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) दोन पट, म्हणजे होलकडे मारलेले हलके शॉट, धरलेले असतात म्हणजे 36 शॉट तिथेच गेले, आणि आपण सगळे प्रॅक्टिसला ड्रायव्हरच (लांब मारायची काठी) हाणत बसतो. मॅटवरच्या रेघेमुळे पटरचं (पट मारायच्या काठीचं) तोंड वाकडं येतंय ते लगेच कळतं, माझा बॉल कायम उजवीकडे जायचा तो बराच सुधारला. होल खऱ्या 108 मिमीपेक्षा लहान आहे, ते बरंच म्हणा.

वैताग म्हणजे सुरकुत्या, आठवडाभर जाड पुस्तकं ठेवली तरी एक राहिलीच! आणि शेवटी चढ दिलाय त्यामुळे जोरात मारायची सवय लागते, मग खऱ्या ग्रीनवर बॉल चार फूट पुढे. म्हणून मी आता होलकडे मारतच नाही, मधे नाणं ठेवतो आणि दर वेळी अंतर बदलून बॉल त्याच्यापाशी थांबवतो. एकाच जागेवरून पन्नास मारले तर फक्त मन खूश होतं हो. चार स्टार, एक सुरकुतीचा कापला.