लांड्सहुटची वरात: नवरानवरी १४७५ची, वऱ्हाड आजचं

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या लांड्सहुट गावात दर चार वर्षांनी उन्हाळ्यात एकच लग्न परत परत निघतं. नवरदेव इथल्या श्रीमंत ड्यूकचा मुलगा जॉर्ज, नवरी पोलंडच्या राजा काझिमीरची मुलगी हेडविग. खरं लग्न लागलं १४ नोव्हेंबर १४७५ला. गावकऱ्यांनी त्याचा उत्सव सुरू केला १९०३मध्ये. कोविडमुळे २०२१ची खेप २०२३वर गेली, पुढची २०२७ला आहे. म्युनिकमध्ये राहणाऱ्यांनी आत्ताच कॅलेंडरवर खूण करावी.

आधी वेषभूषेबद्दल, कारण या कार्यक्रमाची खरी ताकद तिथे आहे. दोन हजारांहून जास्त लोक सोंग घेतात, आणि एकाच्याही डोक्यावर विग नसतो. पुरुष वर्ष-दीड वर्ष आधीपासून केस वाढवतात. त्या काळात गावात न्हाव्याचा धंदा कसा चालत असेल देव जाणे. आजच्या पद्धतीचा चष्मा, मनगटी घड्याळ, नेलपॉलिश, काही चालत नाही. म्हणून जवळून पाहिलं तरी जुन्या काळाचा भास मोडत नाही. आपल्याकडच्या ऐतिहासिक मिरवणुकांत फेट्याखालून डोकावणारा गॉगल आठवला की हा फरक कळतो.

याच काटेकोरपणातून एक गंमतशीर अडचण उभी राहते. लग्न होतं नोव्हेंबरच्या थंडीतलं आणि वरात निघते जुलैच्या उन्हात. मखमल, फर, जाड लोकरी कपडे घालून माणसं दगडी फरसबंदीवरून चालतात. ढोलवाल्यांच्या कपाळावरून घाम ओघळत असतो, तरी ताल सुटत नाही. पाहणाऱ्यांचेही हालच होतात. सावली पुरत नाही, तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका.

वरात रविवारी दुपारी दोनला सुटते. मुख्य रस्त्याचं नावच आल्टश्टाट, म्हणजे जुनं शहर. रस्ता रुंद आहे, पण किंचित वळलेला. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहिलं तर घोडे दुरून येताना दिसतात, आतल्या अंगाला समोर येईपर्यंत काही कळत नाही. उभं राहून बघायचं असेल तर बारापर्यंत जागा धरा. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर गॅलरीच्या बाकांचं तिकीट काढा, आणि ते फार आधी. आयत्या वेळी मिळेल या भरवशावर जाणारे परत फिरतात. फोटोसाठी मार्टिन चर्चचा मनोरा पाठीमागे घ्यावा. विटांचा आहे आणि उंची १३० मीटर, त्यामुळे फोन उभा धरला तरी पुरा मावत नाही.

नवरी सोनेरी रथातून येते, नवरदेव घोड्यावर. दोघंही गावातलीच तरुण मुलं असतात. वऱ्हाडी 'हाल्लो' म्हणून ओरडतात, तेव्हा आपणही तसंच ओरडायचं. गप्प बसून फोटो काढणाऱ्याची मजा निम्मी होते. वाद्यांत शॉम नावाचं एक आहे, तिचा आवाज ऐकून मराठी माणसाचे कान लगेच टवकारतात: आपल्या सनईचीच बहीण.

उणीव अशी की वरातीत अक्षता पडण्याचा क्षणच नाही. लग्न बघायला आलोय असं धरून बसलात तर हिरमोड होईल. दुसरं, सगळं जर्मनमध्ये आणि तेही जुन्या वळणाचं, म्हणून कोण सरदार, कोण बिशप हे आधी वाचून जावं.

वरातीनंतर कुरणावर घोडेस्वारांचे भाल्यांचे खेळ होतात. पण एकच जादा तिकीट परवडत असेल तर ते संध्याकाळच्या छावणीचं काढावं असं आमचं मत. शेकोट्या, वाद्यं, स्वयंपाक, सगळं दोन हातांवर असतं. पोटभर मात्र बाहेरच खाऊन घ्या, शाकाहारींनी तर नक्कीच. मूळ लग्नाच्या हिशेबात ३२३ बैल, ११,५०० हंस, ४०,००० कोंबड्या आणि १,९४,३४५ अंडी नोंदलेली आहेत. भाजीला मानपान तेव्हाही नव्हता. एकूण खर्च ६०,७६६ गुल्डन आणि वर ७३ फेनिग. साठ हजारांच्या हिशेबात सुटे ७३सुद्धा लिहून ठेवणारा कारकून आपल्याकडचाही वाटतो.

जाणंयेणं सोपं आहे. म्युनिकहून रिजनल ट्रेनने पाऊण तास, बायर्न टिकेट (बव्हेरियाभर रिजनल गाड्यांना चालणारं दिवसाचं तिकीट) चालतं आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतरच निघायची अटही नसते. स्टेशनपासून आल्टश्टाट साधारण दोन किलोमीटर, बस आहे, पण त्या दिवशी पायीच लवकर पोचाल. सपाट तळाचे बूट घाला. परतीला कार्यक्रम संपल्या संपल्या निघणारी गाडी सोडा, तासाभराने बसायला जागा मिळते.

दुसरा दिवस मोकळा असेल तर म्युल्डॉर्फला गाडी बदलून बुर्गहाउझेनला जा. तिथल्या किल्ल्याची लांबीच एक किलोमीटरहून जास्त आहे. एवढ्या थाटाने आणलेल्या हेडविगचं पुढचं आयुष्य तिथेच, नवऱ्यापासून लांब गेलं. १५०२मध्ये ती तिथेच वारली.