ई-स्कूटरवर प्रबंध करायचाय: लोकांना विचारावं की नोंदणी पाहावी?

ई-वाहनांचं धोरण आणि लोकांचं वागणं असा विषय एम.टेक.च्या प्रबंधाला घेतला की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एसपी (स्टेटेड प्रेफरन्स) करणार की आरपी (रिव्हील्ड प्रेफरन्स)? म्हणजे लोकांपुढे काल्पनिक पर्यायांची कार्डं ठेवून पसंती विचारायची, की त्यांनी खरोखर काय घेतलं याच्या नोंदी चाळायच्या. पर्यायांमधली निवड मांडणारं लॉजिट हे गणिती मॉडेल दोन्हीकडे चालतं, सॉफ्टवेअरही तेच, त्यामुळे तो भाग सोडतो. मी दोन्ही करून पाहिलं आणि नोंदींकडे वळलो.

कार्डांची बाजू आधी. जी गोष्ट बाजारातच नाही तिची नोंद आणणार कुठून? विनाचालक टॅक्सीला किती भाडं द्याल, हे आपल्याकडे आज विचारूनच कळणार. शिवाय बाजारात महागड्या स्कूटरची रेंजही (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) बहुधा जास्त असते, मग ग्राहकानं पैसे नेमके कशाचे मोजले ते वेगळं काढताना नाकी नऊ येतात. कार्डावर किंमत आणि रेंज आपल्याला हवी तशी वरखाली करता येते. परीक्षकही अशा आखीव प्रयोगावर खूश असतात.

पण एका गोष्टीनं मला छळलं. पुण्यात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी कार्डं भरून घेत होतो. एक काका, हातात दुधाची पिशवी, न थांबता प्रत्येक कार्डावर ई-स्कूटरवरच बोट ठेवत गेले. मधेच ‘प्रदूषण कमी व्हायलाच हवं’ असंही म्हणाले. सगळं भरून झाल्यावर निघता निघता विचारतात, “पण मी राहतो चौथ्या मजल्यावर. वायर खाली आणू कशी? सेक्रेटरी पॉइंट घेऊ देत नाहीत.” माझ्या कार्डावर चार्जिंग स्टेशन किती किलोमीटरवर, असा रकाना होता. सेक्रेटरींचा नव्हता. तो घालता येतो म्हणा, पण पुढच्या पार्किंगमध्ये आणखी तिसरंच काही निघतं. आणि समोरचा माणूस आपल्याला बरं वाटेल ते बोलतो, त्याचं काय करायचं? फुकटच्या होकाराला कुणाचं काय जातं?

नोंदीतला होकार पैसे मोजून दिलेला असतो. ई-वाहनांसाठीच्या केंद्राच्या अनुदान योजनेचं, फेम-२ चंच घ्या. १ जून २०२३ पासून दुचाकींचं अनुदान बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला १५,००० वरून १०,००० रुपयांवर आलं आणि किमतीच्या ४० टक्क्यांची कमाल मर्यादा १५ टक्क्यांवर. ‘वाहन’ या सरकारी नोंदणी पोर्टलवर मे महिन्यात लाखापुढे गेलेली ई-दुचाकींची नोंदणी जूनमध्ये पन्नास हजारांच्या खाली उतरली. यातली काही घट मे महिन्यातच घाईनं उरकलेल्या खरेदीमुळे आहे, म्हणून मागचे-पुढचे काही महिने जोडून पाहावेत. तरी भाव वाढला की लोक काय करतात, याचं एवढं ठसठशीत उत्तर कार्डांच्या गठ्ठ्यातून मिळेल असं मला वाटत नाही.

नोंदींचीही दुखणी आहेतच. गाडी घेणाऱ्याचं उत्पन्न किती, घरी प्लग आहे का, काही कळत नाही. आरटीओ कळतो, वस्ती नाही: एमएच १२ ची गाडी कोथरूडची की हडपसरची, कोण सांगणार? ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॅटपर्यंतच्या स्कूटरला तर नोंदणीच लागत नाही, म्हणजे त्या हिशेबातूनच गायब.

नव्या वाहनाचा अंदाज जुन्या वागण्यावरून बांधता येत नाही, असंही नाही. अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट रेल्वेचा अंदाज बांधला तो लोक तोवर कामावर कशानं जात होते यावरून. कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के बार्टनं जातील असा अधिकृत अंदाज होता, त्यांचा ६.३, प्रत्यक्षात निघाले ६.२. पुढे २००० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रश्न त्यांनीही विचारले होते, पण लोक काय करतात याचे.

तेव्हा विषय विनाचालक गाड्यांचा असेल तर कार्डं घ्या, इलाज नाही. अनुदान, चार्जिंग, ई-स्कूटर असेल तर मी तुमच्या जागी नोंदणीचे आकडे घेईन आणि जोडीला थोड्या खरेदीदारांशी सविस्तर बोलेन. गाईड एसपीवरच अडून बसले, तर निदान वर्षभरात दुचाकी घेतलेल्यांकडूनच कार्डं भरून घ्या, आणि शेवटी आरसीवर कुठलं इंधन लिहिलंय तेही विचारा.