आटपाडीच्या बोअरवर सांगलीची बाथरूम: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. फरशीखालचं आणि भिंतीतलं काम पैकीच्या पैकी, डोळ्याला दिसणारं काम काठावर पास. सांगलीहून बाथरूमचीच कामं घेणारा ठेकेदार आणून वरच्या मजल्यावरची जुनी बाथरूम मुळापासून करून घेतली. तिनं आता उन्हाळा, पाऊस, थंडी असं सगळं बघितलं आहे. आणि रोज ती मीच घासते, त्यामुळे हे मत फोटो बघून दिलेलं नाही.

आमच्याकडच्या पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेच ढग माणदेशापर्यंत येतात तेव्हा त्यांच्यात काही उरलेलं नसतं, आटपाडीला 500 च्या आसपास पडला तरी बरं साल म्हणायचं. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून शिवार बदललं, पण घरातलं पाणी अजून दोन तऱ्हेचंच आहे. एक नळाचं गोडं, ते येईल तेव्हा भरून ठेवायचं. दुसरं बोअरचं, त्यात साबणाला फेस धरत नाही. काम काढायच्या आधी बोअरचं पाणी तपासून घेतलं तर कठीणपणा 600 च्या वर निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडच्या मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं, असं आहे. आमचं बोअर म्हणजे पातळ केलेला चुनाच.

काम काढायचं कारण खालचं स्वयंपाकघर. छताला ओल, पोपडे सुटलेले, एका कोपऱ्यात सळई दिसायला लागली होती. गावातले गवंडी म्हणत होते, फरशी उचकटू, पावडर टाकून कोबा मारू, रोजावर लावा. सांगलीच्या माणसाचा उक्ता आकडा गावातल्या हिशेबाच्या जवळजवळ दीडपट. सासरे आधी तयार नव्हते. पण हा माणूस बघायला आला तेव्हा बाथरूममध्ये न शिरता आधी गच्चीवर गेला. टाकी कुठं, किती उंच, कुठल्या टाकीत कुठलं पाणी, हे विचारलं, मग आमचा जुना गिझर उघडायला लावला. आतली कॉइल क्षारानं पार मढलेली. ते बघून म्हणाला, "वहिनी, टाइल्स नंतर बघू. आधी पाणी वेगळं करू." तिथंच काम त्याला द्यायचं ठरलं.

आणि खरंच, अख्ख्या कामातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. त्यानं भिंतीतून दोन वेगळ्या लाइन नेल्या. फ्लश आणि कमोडजवळचा नळ बोअरवर, गिझर, शॉवर आणि बेसिन गोड्या पाण्याच्या टाकीवर. गोडं संपलं तर बोअरचं पाणी वळवायची सोय आहे, पण एक पाणी दुसऱ्याच्या टाकीत उलटं जाऊ नये म्हणून मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप. गच्चीवर उन्हात उघडा राहणारा पाइप त्यानं गुंडाळून घेतला, नाहीतर आमच्याकडच्या उन्हात प्लॅस्टिक काही वर्षांत खडूसारखं मोडतं. परवा गिझर उघडून बघितला, कॉइल जवळजवळ स्वच्छ आहे. जुन्या गिझरची अवस्था ज्यांनी बघितली होती त्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. टाइल्स बसवायच्या आधी त्यानं प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढून दिले होते. नंतर टॉवेलचा रॉड ठोकताना ते फोटो कामाला आले, ड्रिल बरोबर पाइपाला चुकवून गेलं.

वॉटरप्रूफिंगवरून घरात थोडी वादावादी झाली. जुना कोबा स्लॅबपर्यंत काढला, भिंत आणि फरशी मिळते तिथं वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, काढला, कोपऱ्यांत जाळीची पट्टी चिकटवली आणि सिमेंट-पॉलिमरचे दोन हात मारले, एक आडवा, एक उभा. इथपर्यंत ठीक. मग म्हणाला, आता पाइपांची तोंडं बंद करून फरशीवर चार बोटं पाणी भरायचं आणि दोन दिवस हलवायचं नाही. ऐन वैशाखात. शेजारच्या काकू जिन्यावरून डोकावून म्हणाल्या, "अगं, टँकरचं पाणी फरशीला पाजताय व्हय?" सासूबाईंनाही ते पटलं नव्हतं, पण तो ऐकायला तयार नव्हता. पाणी उतरलं नाही आणि खाली छतही कोरडं राहिलं. पावसाळ्यात रोज अंघोळी चालू असतानाही छताला ओल आली नाही, आता तिथं पुन्हा गिलावा करून रंग दिला आहे.

उन्हाचं आणि वाऱ्याचं गणित मात्र त्याला इथं येऊन शिकावं लागलं. पहिल्या दिवशी भिंतीचा गिलावा दुपारी केला आणि संध्याकाळपर्यंत त्याला केसासारख्या तडा गेल्या. सिमेंट वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. आमच्याकडचा वारा ते पाणी आधीच ओढून घेतो. गावातल्या गवंड्यांना हे माहीत असतं, ते दुपारी गिलाव्याला हात लावत नाहीत. त्यानं मग तो भाग काढून पुन्हा केला, स्वतःच्या खर्चानं, हे नमूद करायला हवं. नंतर कामाची वेळ सकाळची झाली, खिडकीला ओलं गोणपाट लागलं आणि आठवडाभर पाणी मारलं. टाइल्सचा ॲडेसिव्हही तो थोडा थोडाच कालवायचा, कारण घमेल्यात ठेवला की लगेच वर साय धरायची आणि तसाच लावला तर टाइल पकडत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या स्लरीवर ती नीट बसत नाही. हिवाळ्यात मी सगळ्या टाइल्स बोटानं ठोकून बघितल्या, एकही पोकळ वाजली नाही. सांधे इपॉक्सीचे घेतले. महाग पडले, पण क्षार काढायला ॲसिड लागतंच आणि ॲसिड सिमेंटचे सांधे खातं.

आता तक्रारी.

काळे नळ. कॅटलॉगमध्ये फार छान दिसतात, आणि सांगलीत कृष्णेच्या पाण्यावर कदाचित दिसतही असतील. आमच्याकडं बोअरच्या नळावर पहिल्या आठवड्यातच पांढरे ओघळ उमटले. थेंब वाळला की ठिपका राहतो, आणि इथं थेंब वाळायला वेळ लागत नाही. साध्या चकचकीत नळावर तो उठून दिसत नाही, लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं पुसला की गेला. काळ्यावर रोज फडकं मारावं लागतं. पाणी वेगळं करा म्हणणाऱ्या माणसानं त्याच बैठकीत काळे नळ कसे सुचवले, हे मला अजून कळलेलं नाही. काचेच्या पडद्याचंही तेच. सासूबाई म्हणाल्या, "काच पुसायला माणूस ठेवणार आहेस का?" म्हणून तो बसवलाच नाही, नाहीतर अंघोळ झाली की वायपर हातात घ्यावा लागला असता.

रेन शॉवर हा दुसरा विषय. टाकी शॉवरपेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठं एक बार दाब मिळतो. आमच्या टाकीचा तळ शॉवरपासून जेमतेम दोन मीटर. हे त्याला टाकी बघितली तेव्हाच माहीत होतं. तरी ताटाएवढा शॉवर लावला, त्यातून पाणी नुसतं ठिबकायचं. तक्रार केली तर म्हणे, प्रेशर पंप बसवू. म्हणजे आधीच मोजून वापरायचं पाणी जोरात वाहून घालवायचं, वर विजेचं बिल. तो काढून लहान हँड शॉवर लावला, तोही पाहुण्यांसाठीच. घरची माणसं बादली-तांब्याच वापरतात. तीन आणि सहा लिटरचा दोन बटणांचा फ्लश मात्र उत्तम, जुन्या टाकीच्या मानानं पाणी बरंच वाचतं.

फरशीतली लांबट जाळी दिसायला नीट आहे, पण तिच्या खालच्या ट्रॅपमध्ये पाणी फार उथळ राहतं. दिवाळीनंतर आम्ही काही दिवस गावाला गेलो आणि परत आलो तर बाथरूममध्ये चेंबरचा वास आणि झुरळं. ट्रॅपमधलं पाणी हेच वास अडवायचं झाकण, तेच उडून गेलेलं. थंडीत ही गत, उन्हाळ्यात काय होईल ते दिसतंच आहे. दमट हवेत पाणी टिकतं, म्हणून सांगलीत त्याला हा त्रास कधी आला नसावा. उपाय फोनवर कळला. आमचे एक दीर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानामुळं जोधपूरला असतात. ते म्हणाले, बाहेरगावी जाताना तांब्याभर पाणी ओतायचं आणि वर चमचाभर गोडेतेल सोडायचं, तेलाचा थर पाणी उडू देत नाही. करून बघितलं, चालतं. तरी खोल ट्रॅप बसवला असता, त्यात 50 मिलिमीटर पाणी उभं राहिलं असतं, तर तेलाची वेळ आली नसती. विचारून घ्या.

अजून एक वाद झाला तो माडावरून. मागच्या परसातला नारळ आणि लिंबोणी पूर्वीपासून न्हाणीच्या पाण्यावर जगलेली. यानं सगळं सांडपाणी सरळ चेंबरला जोडलं, शहरातल्या सवयीनं. सासूबाई संतापल्या. मग अंघोळीच्या पाण्याची लाइन वेगळी काढून परसात सोडली, जादाची मजुरी घेऊन. वॉटर सॉफ्टनरसाठी, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणाऱ्या यंत्रासाठी, त्यानं मागं लागून आग्रह केला होता, तो आम्ही मान्य केला नाही. त्याचं रेझिन मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं, त्यात पाणी जातं, आणि ते खारट पाणी झाडाला घालता येत नाही. दोन लाइन असताना त्याची गरज पडलेली नाही.

पैशाचं म्हणाल तर टप्प्याटप्प्यानं दिले आणि दहा टक्के पावसाळा संपेपर्यंत रोखून धरले. तसं आधीच कागदावर लिहून घेतलं होतं. त्यावर त्यानं कुरकुर केली नाही. ट्रॅपची तक्रार केली तेव्हा माणूस पाठवला, पण तोपर्यंत पैसे देऊन झाले होते, त्यामुळं "फरशी फोडावी लागेल" एवढंच ऐकायला मिळालं.

खालची बाथरूम पुढच्या वर्षी करायची आहे. पाइप, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स त्यालाच देणार, गिलावा गावातल्या गवंड्याकडून, आणि नळ-शॉवर-ट्रॅप आम्ही स्वतः दुकानातून घेणार. तसं त्याला कळवलं. त्यानं "चालेल वहिनी" म्हणून उत्तर दिलं आणि पाठोपाठ नवीन कॅटलॉग पाठवला. यंदा सोनेरी नळ आलेत.