पूल टेबलाचं कापड, कॅरमची पावडर आणि कॅम्पातले चाचा

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्या लोकांना पुढे वाचायला नको. पूल टेबल दुरुस्त करणाऱ्या चाचांचं काम: पाचपैकी पाच. वेळ पाळणं: पाचपैकी एक, आणि तोही अखेरीस आले म्हणून. बिलाचं शेवटी सांगते, कारण ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रोडला. बिल्डरने ताबा देताना क्लबहाउसमध्ये जे काय काय ठेवलं होतं, त्यातलं आता धड उरलंय ते एक आठ फुटी पूल टेबल, काठीने बॉल भोकांत घालायच्या खेळाचं. ट्रेडमिल दोन वर्षांत बसली, सायकलचं पॅडल कुणीतरी घरी नेलं. मागच्या वार्षिक सभेला मी वीस मिनिटं उशिरा पोचले आणि तेवढ्यात क्लबहाउसची जबाबदारी एकमताने माझ्या गळ्यात पडली होती. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला भरपूर वेळ असतो अशी लोकांची समजूत असते. पूल मला येत नाही. कॅरम येतो, चांगला येतो, आणि या सगळ्या घोटाळ्याचं मूळही कॅरमच आहे.

झालं असं. गणपतीच्या आधी पावसाची झड लागली होती. क्लबहाउस तळमजल्यावर, मागे नाला, भिंतींना ओल. पूल टेबलाचं कापड लोकरीचं असतं आणि लोकर हवेतलं पाणी पिते, त्यामुळे पावसाळ्यात बॉल रेंगाळतात. हे मला आत्ता कळलंय. तेव्हा एका गृहस्थांना वाटलं, कॅरम बोर्ड दमट झाला की आपण काय करतो? पावडर टाकतो. त्यांनी कॅरमच्या बोरिक पावडरचा अर्धा डबा हिरव्या कापडावर भुरभुरला आणि तळहाताने नीट चोळून चोळून पसरला. गृहस्थ कोण ते मला माहीत आहे. नाव घेत नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, ते बहुधा अशाच कारणांसाठी असावं.

दुसऱ्या दिवशी सफाईच्या मुलाने ते पांढरं बघितलं आणि इमानदारीने ओल्या फडक्याने पुसलं. पावडर, खडूची धूळ आणि पाणी यांचं छान पिठलं झालं. त्याच्यावरची तिसरी चूक माझी. सोफे, गालिचे, गाडीच्या सीटा घरी येऊन धुऊन देणारी एक कंपनी आहे, तिला मी बोलावलं. दोन मुलं आली, फेस केला, मशिनने पाणी ओढलं, टेबल चकचकीत हिरवं दिसायला लागलं, मी पाच स्टार देऊन मोकळी झाले. सकाळी जाऊन बघते तर मधल्या पॉकेटाजवळ कापड पुरी फुगावी तसं टम्म फुगलेलं आणि कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाच्या, कडेने निळसर चिखलाची रेघ. फोन केला तर पलीकडून, "मॅडम, पण डाग गेले ना?" डाग गेले होते, खरं आहे. टेबलही गेलं होतं.

मग दुरुस्तीवाले शोधले. पहिल्याने फोटो बघूनच सांगितलं, कापड, कुशन सगळं नवीन टाका, आणि असा आकडा सांगितला की आमचे खजिनदार दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी माझ्या मैत्रिणीच्या मिस्टरांनी त्यांच्या क्लबातल्या मार्करला विचारलं. (बिलियर्ड्सच्या खोलीत गुण मांडणाऱ्या, टेबलं सांभाळणाऱ्या माणसाला मार्कर म्हणतात. मला वाटत होतं पेन.) मार्करने एक नंबर दिला. कॅम्पात राहणारे, वडिलांपासून टेबलांचंच काम. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते, वयाने ते माझ्याहून फार मोठे नसावेत तरी.

चाचांनी तीन तारखा दिल्या आणि तिन्ही चुकवल्या. चौथ्या वेळी सकाळी अकरा ठरलं होतं. अकराला फोन, "ताई, निघालो." एक वाजता, "दांडेकर पुलापाशी आहे." दांडेकर पुलापाशी माणूस दोन तास अडकू शकतो यावर माझा विश्वास आहे, म्हणून काही बोलले नाही. आले संध्याकाळी पावणेसातला, ॲक्टिव्हावरून, पायाशी व्हॅक्यूम क्लीनर आणि पाठीला पिशवी. पाणीही न पिता चपला काढल्या, टेबलाजवळ गेले आणि तळहात नाही, हाताची उलटी बाजू कापडावरून एकदा फिरवली, लेकराचा ताप बघतात तशी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याला आंघोळ कुणी घातली?"

मी सगळं सांगितलं. पावडरीचंही सांगितलं. ते हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता.

पुढचं ऐकून मी त्यांच्या बाजूची झाले. म्हणाले, कापड बदलू नका. तीन-चार वर्षांचंच आहे, फाटलेलं नाही, आत गुंडाळायला अजून चार बोटं माया आहे. उघडतो, साफ करतो, परत ताणतो. नवीन टाकायचंच असेल तर दोन वर्षांनी टाका. त्यांच्या पिशवीत नमुन्याचे तुकडे होते, बेल्जियमच्या सिमोनिसचाही होता. ही मंडळी व्हर्व्हिए नावाच्या गावात १६८० पासून लोकरीचं कापड विणतायत. ८६० नावाच्या त्यांच्या कापडात नव्वद टक्के लोकर आणि दहा टक्के नायलॉन. मी तुकडा हातात धरला, पैठणी बघतात तसा उजेडाकडे नेला. "हे घ्या म्हणत नाही," चाचा म्हणाले, "तुमच्याकडे मुलं चहा घेऊन खेळतात." कपाचे गोल डाग त्यांनी मघाशीच मोजले होते.

आता काम. ते मी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पूर्ण बघितलं, दोन संध्याकाळी. टेबलाखाली झोपून त्यांनी बोल्ट सोडवले आणि कडेच्या सहा पट्ट्या उचलून भिंतीला लावल्या. पट्टीखाली निळ्या भुकटीची इतकी जाड ओळ होती की रांगोळी काढता आली असती. ती क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावायच्या खडूची. त्याला खडू म्हणतात, पण त्यात खडू नसतो. १८९७ साली अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या दोघांनी त्याचं पेटंट घेतलं तेव्हापासून त्यात असते सिलिका, म्हणजे वाळूची जातभाई, आणि पॉलिश कागदावर असतं तसं घासणारं द्रव्य. ते क्यूच्या चामड्याला धरून ठेवतं म्हणून उपयोगाचं, आणि कापडात मुरलं की प्रत्येक बॉलखाली कानस फिरते. चाचांनी व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडाला आपला पांढरा रुमाल बांधला, कापडावरून वीतभर ओढला आणि मला दाखवला. निळा. अजून वीतभर. पुन्हा निळा. आमच्याकडे दर रविवारी टेबल "झाडलं" जायचं, कुंच्याने, गोल गोल. म्हणजे दर रविवारी आम्ही भुकटी धाग्यात आणखी खोल घालत होतो.

कापड उचलल्यावर खाली काळ्या-राखाडी दगडाच्या तीन फरश्या. ही स्लेट, इंचभर जाड. सांध्यांमध्ये मेण भरलेलं असतं. त्या फेसवाल्या मशिनने पाणी खाली दगडापर्यंत गेलं होतं, कडेचा गोंद सुटला होता, म्हणून तो फुगा. शिवाय मेणाचा एक कण सुटून कापडाखाली बसला होता. चाचांनी कापड काढण्याआधीच माझं बोट धरून त्या जागी ठेवलं. काही लागेना. "डोळे मिटा." मिटले, आणि लागला, भातातल्या खड्यासारखा. तीन वर्षं आमची मुलं म्हणत होती की त्या जागी बॉल वळतो, आणि आम्ही म्हणत होतो, तुम्हाला खेळता येत नाही.

सांधे त्यांनी मधमाशांचं मेण वितळवून भरले, पात्याने तासून सपाट केले, लेव्हल लावून टेबलाच्या पायाखाली पाचरी सरकवल्या. मग कापड. हे ताणणं म्हणजे दोन्ही बाजूंनी पोरं उभी करून ओढायचं नाही. आधी एक टोक पक्कं, मग लांबीकडून ओढ, मग रुंदीला जरा कमी, आणि प्रत्येक वेळी मधोमध टिचकी. ढोलपथकात दोऱ्या आवळून पान कसं लागलंय ते बोटाने बघतात, अगदी तसंच. ढिलं राहिलं की बॉल मंद, आणि फार आवळलं तर पॉकेटाच्या तोंडाशी फाटतं. शेवटी त्यांनी एक बॉल हलकेच सोडला, इतका हलका की थांबतोय की काय असं वाटावं. तो सरळ रेषेत त्या जुन्या वळणाच्या जागेवरून पलीकडे गेला. वॉचमनही बघायला आला होता. त्याने टाळी वाजवली.

कापडावरच्या पांढऱ्या ठिपक्यांचं मात्र काही झालं नाही, आणि होणारही नाही. आम्ही ते डाग समजत होतो. ती भाजलेली जागा असते. जोरात ब्रेक, म्हणजे मांडलेले बॉल फोडायचा पहिला फटका, मारला की पांढरा बॉल पहिले काही इंच न फिरता घसरतो आणि त्या घर्षणाने धागा करपतो. चाचा म्हणाले, रोज त्याच जागेवरून फोडू नका, कधी डावीकडे ठेवा, कधी उजवीकडे, आणि ब्रेकचा सराव करायचा असेल तर बॉलखाली जुन्या कापडाचा तुकडा टाका. तुकडा त्यांनीच कापून दिला. दोन दिवसांत हरवला.

रोजची काळजीही त्यांनीच शिकवली. मऊ ब्रशने एकाच दिशेने, सरळ, ब्रेक मारायच्या टोकाकडून त्रिकोण लावायच्या टोकाकडे. आधी कुशनखालची धूळ बाहेर, मग मधलं. आठवड्याला व्हॅक्यूम, मऊ ब्रशाचं तोंड लावून, फिरणारा रोलर काढून, दाब न देता. चहा सांडला तर कोरडं सुती कापड ठेवून टिपायचा. घासायचा नाही, साबण नाही. आणि बॉल धुवायचे. हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मळकट बॉल कापडावर मळ परत नेऊन ठेवतो. सोळा बॉल कोमट पाण्यात पुसून काढले तर पाणी गढूळ. पट्टीवाला सात नंबर मुळात विटकरी रंगाचा आहे हे त्या दिवशी कळलं.

माफ करा, पट्टीवाले नऊपासून सुरू होतात. सात भरीव असतो. मुलाने वाचून आत्ताच सुधारलं.

इस्त्रीबद्दल. बी विंगमधले एक काका कुठल्यातरी क्लबात टेबलाला इस्त्री करताना बघून आले होते आणि घरची इस्त्री घेऊन खाली उतरले होते. ते स्नूकरचं टेबल. त्या कापडाला लव असते, ती बॉकच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या, टोकाकडून काळ्या बॉलकडे बसवायची असते, म्हणून तिकडे ब्रश आणि वर खास इस्त्री. आमचं कापड बिनलवेचं, पिळाच्या सुताचं. त्याला इस्त्री नको, आणि नायलॉनवर घरची गरम इस्त्री तर नकोच. काका जरा नाराज झाले. हेच काका बिलियर्ड्स-स्नूकरचा विश्वविजेता पंकज अडवाणी याचा जन्म १९८५ साली पुण्यात झाला एवढ्या आधारावर त्याच्याबद्दल घरच्यासारखं बोलतात, त्यामुळे त्यांना फार दुखावता येत नाही.

आता तक्रारी. वेळेचं सांगितलंच. फोन उचलत नाहीत. व्हॉट्सॲपवर तीन दिवसांनी फक्त अंगठा येतो. काम करताना जुनी गाणी मोठ्याने लावतात, वरच्या मजल्यावरून निरोप आला. ब्रश त्यांच्याकडूनच घ्यावा लागला, साडेसहाशेला. त्याआधी मी हट्टाने बोहरी आळीत तीन दुकानं पालथी घातली, तिथे मला बाटल्या धुवायचे, रंगाऱ्याचे आणि कोट झाडायचे ब्रश दाखवले आणि एकाने विचारलं, "घोडा आहे का?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, चाचांचा ब्रश घोड्याच्या केसांचाच आहे. कोट झाडायचा मऊ ब्रशही चालला असता, असं चाचा नंतर म्हणाले. पैसे घेतल्यावर.

खर्च: उघडणं, साफ करणं, मेण, लेव्हल, परत ताणणं मिळून साडेसात हजार. पहिल्या माणसाच्या आकड्याच्या पाव हिश्श्यालाही नाही. त्यानंतर दर चार महिन्यांनी येऊन साफसफाई आणि तपासणी, अठराशे. एकदा येऊन गेलेत, ठरल्या दिवसाच्या नऊ दिवस नंतर. पावसाळ्यासाठी त्यांनी सांगितलं की रेक्झिनचं कव्हर ओल्या कापडावर घालून ठेवू नका, आत घाम धरतो. आधी तासभर पंखा, मग कव्हर. आणि महिनोन् महिने झाकून तर मुळीच ठेवू नका, लोकर आहे, कसर लागते. म्हणजे टेबल टिकवायचं तर त्यावर खेळत राहायला हवं. हे मी कमिटीला लिहून दिलं, कारण परीक्षेच्या काळात क्लबहाउस बंद ठेवायचा ठराव येऊ घातला होता.

बिलाचं असं, की चाचांनी ते दिलं कॅलेंडरच्या पानामागे, बॉलपेनने, सुरेख अक्षरात. जीएसटी क्रमांक नाही, शिक्का नाही, तारीख आहे ती कॅलेंडरचीच छापलेली. खजिनदारांनी ते ऑडिटला चालणार नाही म्हणून परत केलं. चाचांना पैसे मी माझ्या खात्यातून दिले आणि आता दर महिन्याच्या बैठकीत "इतर विषय"मध्ये माझे साडेसात हजार असतात. ब्रशचे साडेसहाशे मी मागितलेलेच नाहीत. तो ब्रश माझ्या घरी आहे, दाराच्या मागे खिळ्याला. रविवारी सकाळी मी खाली जाते आणि सरळ रेषेत ब्रश मारते. कॅरमची पावडर घरात कुठे ठेवलीय ते मात्र एका गृहस्थांना अजून सापडलेलं नाही.