नेटवर्क पॉलिसी : ‘क्रिएटेड’ दिसलं म्हणजे लागू झाली असं नाही

कुबरनेटीस म्हणजे अनेक मशीनवर ॲप्स चालवणारी व्यवस्था, आणि तिची नेटवर्क पॉलिसी म्हणजे कुठल्या ॲपनं कुणाशी बोलायचं याचा फाइलीत लिहिलेला नियम. याहून जास्त इथं सांगत बसत नाही. लिहायला कारण झालं ते या आठवड्यात आलेलं बिल. आमचा क्लस्टर, म्हणजे कुबरनेटीसनं जोडलेल्या मशीन, उभारून देणाऱ्या कंपनीनं नूतनीकरणाच्या बिलात पुन्हा ‘नेटवर्क आयसोलेशन’ची (ॲप्स एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची) ओळ टाकली आहे.

आमचं काम रावेर-यावलच्या केळी व्यापाऱ्यांचं : भाव, वजनकाट्याच्या पावत्या, ट्रकच्या नोंदी. उन्हाळ्यात टेस्टिंगच्या नेमस्पेसमधल्या (क्लस्टरमधल्या वेगळ्या कप्प्यातल्या) एका पॉडवरून, म्हणजे ॲप ज्यात चालतं त्या डब्यातून, एनसी या पोर्ट तपासायच्या कमांडनं पावत्यांच्या डेटाबेसचा ५४३२ पोर्ट तपासला. क्षणात उघडला. डिफॉल्ट डिनायची, म्हणजे परवानगी नसलेलं सगळं बंद ठेवणारी, पॉलिसी तर समोर यादीत दिसत होती! त्या कंपनीला फोन केला तर उत्तर, “भाऊ, पॉलिसी लागलेली दिसते ना तुम्हाला?”

खाली पॉडचं नेटवर्क सांभाळायला फ्लॅनेल होतं. फ्लॅनेल पॉड जोडून देतं, पॉलिसीची अंमलबजावणी करत नाही. कुबरनेटीसचा एपीआय सर्व्हर, म्हणजे फाइली स्वीकारणारा भाग, मात्र फाइल घेतो, ‘क्रिएटेड’ म्हणतो आणि गप्प बसतो. साधी वॉर्निंगसुद्धा नाही. नेटवर्क पॉलिसी ही २०१७ मध्ये, कुबरनेटीसच्या १.७ आवृत्तीत स्थिर झालेली गोष्ट. इतक्या वर्षांत ‘हा नियम पाळणारं इथं कुणी नाही’ एवढं एक वाक्य दाखवता आलं नाही, याचा मला अजून संताप येतो. बाकी सगळं चांगलं असलं तरी एवढ्यासाठी मी दोन तारे कापतो. व्यापाऱ्यांचे हिशेब उघडे पडले होते.

मग आम्हीच पॉलिसी अंमलात आणणारं कॅलिको बसवलं, आणि नियम खरोखर लागू झाल्याबरोबर सगळी ॲप्स ठप्प. इग्रेस (पॉडमधून बाहेर जाणारं कनेक्शन) बंद, म्हणजे डीएनएसही (नावावरून पत्ता शोधणंही) बंद. क्लस्टरमध्ये डीएनएसचं काम करणाऱ्या कोअरडीएनएसकडे जाणारा ५३ पोर्ट, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, आधी मोकळा करायचा, मग बाकीचं.

त्या कंपनीच्या डेटाबेसच्या पॉलिसी-फाइलीत आणखी एक भोक निघालं. नेमस्पेस सिलेक्टर (कुठला नेमस्पेस ते निवडणारी अट) एका डॅशखाली, पॉड सिलेक्टर (कुठल्या लेबलचा पॉड ते निवडणारी अट) दुसऱ्या डॅशखाली. त्याचा अर्थ होतो : काट्याच्या नेमस्पेसमधला कुठलाही पॉड, किंवा डेटाबेसच्याच नेमस्पेसमधला ते लेबल असलेला पॉड. आम्हाला हवा होता काट्याच्या नेमस्पेसमधला तेवढाच एक. दुसरा डॅश काढला की दोन्ही अटी एकत्र लागतात. एका डॅशचा फरक, पण डेटाबेसचं दार कुणाला उघडायचं ते तोच ठरवतो.

नेटवर्क पॉलिसीत ‘अमुक कनेक्शन अडवा’ असा वेगळा ‘डिनाय’चा नियमच लिहिता येत नाही, याचाही सुरुवातीला राग यायचा. आता मत बदललंय. सगळं आधी बंद केलेलं असलं की प्रत्येक नवी फाइल फक्त परवानगी वाढवते, क्रमाचा प्रश्नच येत नाही. काट्याचं काम पाहणाऱ्या पोरांनी स्वतःची फाइल टाकली म्हणून भावांचं ॲप बंद पडत नाही. हे मला मनापासून आवडलं.

अडवलेलं कनेक्शन नुसतं टाइमआउट होतं, कुठल्या नियमानं अडवलं ते या पॉलिसीतून कळत नाही. सिलियम या कॅलिकोसारख्याच दुसऱ्या साधनातलं हबल ते नीट दाखवतं. पण आमच्या मशीनवर रॅम बेताची, आणि तेवढ्यासाठी नवी मशीन घेणं परवडत नाही. कॅलिकोच्या स्वतःच्या पॉलिसीत लॉगची सोय आहे, तिच्यावर भागतं.

क्लस्टर बांधून घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दोन पॉडवरून एनसी चालवून बघा. परवानगी असलेल्यावरून पोर्ट उघडलाच पाहिजे, नसलेल्यावरून टाइमआउट झालाच पाहिजे. आम्ही ‘नेटवर्क आयसोलेशन’च्या ओळीची रक्कम वजा करून बाकीचे पैसे पाठवलेत, सोबत दोन्ही चाचण्यांचं आउटपुट जोडलंय.