रेटिकल आयपीस: एका घरात 8.4 आर्कसेकंद

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. मशीनिंग होऊन आलेलं कास्टिंग व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज लावून तपासायचं, हे काम 22 वर्षं चाललंय. त्यामुळे दुर्बिणीतून जोडतारे, म्हणजे अगदी जवळजवळ दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या, नुसते बघून माझं समाधान होत नव्हतं. सुंदर दिसतात, खरंच दिसतात, पण लगेच मनात यायचं की अंतर किती? म्हणून मागच्या जानेवारीत 12.5 मिमीचा रेटिकल आयपीस घेतला, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायचं असं भिंग ज्याच्या आत मोजपट्टी असते. कर आणि कुरिअर धरून 16,000 रुपयांच्या आसपास पडला. असे आयपीस दोन-तीन कंपन्या करतात आणि रचना साधारण सारखीच असते, म्हणून कंपनीचं नाव न घेता वस्तूबद्दलच लिहितो.

आत काचेवर मधोमध 6 मिमीची पट्टी कोरलेली आहे, तिच्यावर 60 घरं. कडेने अंशांचं वर्तुळ. बाजूला बटण सेलवर चालणारा लाल दिवा, त्याने रेघा उजळतात. कोरीव काम अप्रतिम आहे. पहिल्या दिवशी भिंगाने तपासलं, सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या आणि सारख्या अंतरावर. मात्र 20 नंबरच्या रेघेला चिकटून धुळीचा एक कण होता. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर ‘चालतं तेवढं’ असं उत्तर आलं. मापाच्या वस्तूत असं चालत नाही. शेवटी मीच उघडून ब्लोअरने तो कण उडवला.

गेज हातात आलं की आधी त्याची लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, बघायची, ही आमची सवय. इथे ती आपली आपणच काढावी लागते, आणि मला या वस्तूत सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. माझी दुर्बीण 200 मिमीची न्यूटोनियन (आरशाची), फोकल लांबी 1200 मिमी, पुढे 2एक्स बार्लो, म्हणजे प्रतिमा दुप्पट करणारं जादा भिंग. कागदावर एका घराचे 8.6 आर्कसेकंद येतात (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग). पण बार्लो आणि आयपीसमधलं अंतर जरा बदललं की हा आकडा बदलतो. म्हणून दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणारी मोटर बंद करून तारा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपोआप सरकू द्यायचा आणि वेळ मोजायची. आकाशातल्या विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला 15.04 आर्कसेकंद सरकतो, उत्तरेकडचा हळू, म्हणून या आकड्याला ताऱ्याच्या क्रांतीच्या (विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराच्या) कोसाइनने गुणायचं. मार्चमध्ये फुलेवाडीच्या गच्चीवर सप्तर्षीतला क्रतू लावला. स्टॉपवॉच मुलीच्या हातात. मी ‘आत’ म्हटलं की ती सुरू करायची, ‘बाहेर’ म्हटलं की बंद. 12 वेळा केलं, सरासरी 70.5 सेकंद. म्हणजे 60 घरांचे 504 आर्कसेकंद, एका घराचे 8.4. त्यानंतर उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून पितळी रिंग करून घेतली, म्हणजे आयपीस दर वेळी तेवढाच आत बसतो.

एप्रिलमध्ये वसिष्ठ. लग्नात गुरुजी दाखवतात ते वसिष्ठ-अरुंधती सगळ्यांना माहीत. बार्लो काढून (तेव्हा एक घर साधारण दुप्पट मापाचं होतं) त्या दोघांमधलं अंतर आधी मोजलं: 41 घरं, साधारण 12 आर्कमिनिटं. पण दुर्बिणीतून बघितलं की एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांचा दिसतो, आणि मला हवी होती ती ही जोडी. बार्लो लावून दहा वाचनं घेतली. प्रत्येक वेळी तारे पट्टीवरून बाजूला नेऊन पुन्हा आणायचे, नाहीतर डोळा आधीचाच आकडा परत सांगतो. 1.7, 1.6, 1.8, 1.7, 1.7, 1.8, 1.6, 1.7, 1.8, 1.7. सरासरी 1.71, म्हणजे 14.4 आर्कसेकंद. नंतर जोडताऱ्यांचा कॅटलॉग उघडला. तिथेही 14.4. दशांश घर आपण डोळ्याने अंदाजत असतो, म्हणजे एका वाचनात पाऊण-एक आर्कसेकंद इकडे-तिकडे होणारच. दहा वाचनांनी ते आटोक्यात येतं, एका वाचनावर मात्र कुणी विसंबू नये.

जोडीदार तारा मुख्य ताऱ्याच्या कोणत्या दिशेला आहे तो कोन (उत्तरेपासून मोजलेला) कडेच्या वर्तुळावर वाचतात; हे वर्तुळ वापरायला जास्त किचकट. पट्टी दोन्ही ताऱ्यांच्या रेषेत आणायची, मुख्य तारा मध्यावर ठेवून मोटर बंद करायची आणि तो सरकत वर्तुळाला कुठे कापतो ते वाचायचं. आकडे दोन ओळींत, एकमेकांच्या उलट दिशेने छापलेले आहेत. पहिल्या रात्री मी चुकीची ओळ वाचली आणि वसिष्ठाचा कोन 153 च्या जागी 207 आला. सोबतच्या पत्रकात याबद्दल एक ओळसुद्धा नाही. इतक्या चांगल्या वस्तूबरोबर असं पत्रक देणं मला पटलं नाही.

आता मर्यादा. पुनर्वसूतला कॅस्टर मी आठ रात्री प्रयत्न करून सोडला. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने 1803 मध्ये ज्या जोडीवरून तारे एकमेकांभोवती फिरतात हे दाखवलं ती ही जोडी, म्हणून फार ओढ होती. पण तिथलं अंतर साडेपाच आर्कसेकंदांच्या आसपास, म्हणजे एका घराच्याही आत. माझ्या दुर्बिणीवर 10 आर्कसेकंदांच्या खालची जोडी या आयपीसने मोजू नये. तिथे कॅमेराच हवा. माझा मित्र कॅमेऱ्याने मोजतो आणि त्याचे आकडे माझ्यापेक्षा बारीक येतात. लाल दिवा कमीत कमी केला तरी अंधूक जोडीदार तारा त्यात बुडतो, वरून रेझिस्टर जोडल्यावर सुधारलं. डोळा भिंगाच्या फार जवळ न्यावा लागतो, त्यामुळे चष्मेवाल्यांनी घेण्याआधी एकदा डोळा लावून बघावा.

मे महिन्यात पन्हाळ्यावर नेऊन मित्र तारा लावला, अल्फा सेंटॉरी. हा जोडतारा आहे हे 1689 मध्ये फादर रिशो यांना पाँडिचेरीहून दिसलं, आपल्याच देशातून. इथून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम 12 अंश वर येतो. दोन्ही तारे उकळत्या पाण्यासारखे हलत होते. वाचन घेतलं नाही, नुसतं बघून खाली आलो.

मग पाऊस. जून ते सप्टेंबर आयपीस सिलिका जेलच्या डब्यात. ऑक्टोबरच्या अखेरीला आकाश धुऊन निघालेलं, गुऱ्हाळांचा धूर अजून सुरू व्हायचा होता. हंसातला अल्बिरिओ: सोनेरी आणि निळा, पट्टीवर 4.1 घरं, 34.4 आर्कसेकंद.

वॉशिंग्टनच्या जोडताऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये दीड लाखाहून जास्त जोड्या आहेत आणि रुंद अंतराच्या कितीतरी जोड्या वर्षानुवर्षं कुणी मोजलेल्या नसतात. ज्याच्याकडे मोटरची दुर्बीण आहे आणि एका ताऱ्यावर अर्धा-पाऊण तास घालवायची तयारी आहे, त्याने हा आयपीस जरूर घ्यावा. किरणोत्सवात किरणं अंबाबाईच्या चरणांपर्यंत आली की चेहऱ्यापर्यंत, याची नोंद आपल्याकडे दर वर्षी होते. माझी वहीसुद्धा तशीच, तारीख, वेळ, हवा, दहा वाचनं. पुढचं नाव लिहून ठेवलंय: हंसातलाच 61 सिग्नी. दोन्ही तारे नारिंगी, अंतर 31-32 आर्कसेकंद, पट्टीवर पावणेचार घरं भरतील. स्टॉपवॉचला मुलगी तयार आहे.